बसशिवायची दुसरी ट्रिप: लॅटिनो मुलं आणि कुटुंबांना निसर्गाशी जोडणाऱ्या प्रोग्रॅम्सचं मूल्यमापन कसं करायचं

अमेरिकेत लॅटिनो, म्हणजे मेक्सिको आणि बाकी लॅटिन अमेरिकेत मूळ असलेल्या लोकांच्या, वस्त्यांमधल्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना डोंगर, नदी, जंगल दाखवायला नेणारे कितीतरी छोटे-मोठे प्रोग्रॅम चालतात, आणि त्यातल्या बहुतेकांच्या वार्षिक रिपोर्टमध्ये तेच ते वाक्य असतं, यंदा आम्ही इतक्या मुलांना निसर्गात नेलं. सोबत हसऱ्या चेहऱ्यांचा फोटो. आता नेलं हे खरंच, पण पुढे काय झालं? पुढच्या महिन्यात त्यातलं एखादं कुटुंब आपलंआपण, संस्थेची बस नसताना, फुकट सँडविच नसताना, परत तिकडे गेलं का? माझ्या मते सगळ्या मूल्यमापनाचा मुद्दा हाच आहे, बाकीचं सगळं या प्रश्नाभोवती रचायचं.

हे लिहायचं कारण म्हणजे इकडे कॅलिफोर्नियात, टेक्सासमध्ये, न्यू जर्सीत आपले बरेच मराठी लोक अशा संस्थांमध्ये व्हॉलंटियर असतात, कुणी बोर्डावर असतं, कुणी सोशल वर्क नाहीतर पब्लिक हेल्थ शिकत असतं, आणि "तुला डेटाचं कळतं ना, मग आमचं इव्हॅल्युएशन तूच कर" असं म्हणून ते काम हमखास आपल्या गळ्यात पडतं. एक्सेल येणं आणि मूल्यमापन येणं यात बराच फरक आहे. म्हणून सुरुवातीपासून नीट सांगतो. उदाहरणं मुख्यतः लॉस एंजेलिस भागातली घेतलीयेत, कारण तो भाग मला माहितीये.

आधी थोडं मागचं

२०२० च्या जनगणनेत अमेरिकेत ६.२१ कोटी लोकांनी स्वतःला हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हणून नोंदवलं, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या १८.७ टक्के. पण पार्कची जागा त्या प्रमाणात वाट्याला आलेली नाही. लॉस एंजेलिस काउंटीने २०१६ मध्ये सगळ्या पार्कांची पाहणी केली, त्यात काउंटीची सरासरी दर हजार माणसांमागे ३.३ एकर स्थानिक पार्क अशी आली आणि सगळ्यात जास्त गरज असलेल्या भागांमध्ये फक्त ०.७ एकर. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथल्या मतदारांनी पार्कांसाठी मेझर ए नावाचा कर मंजूर केला, त्यामागे ही पाहणी होती.

साधारण याच काळात बरंच काही उभं राहिलं. २०१२ मध्ये न्यू मेक्सिकोत आल्बुकर्कीच्या साउथ व्हॅलीत एका जुन्या डेअरीच्या ५७० एकर जमिनीवर व्हाये दे ओरो हे वन्यजीव अभयारण्य झालं, तेही वस्तीतल्या लोकांनी लावून धरल्यामुळे. २०१३ मध्ये होसे गोन्सालेस यांनी लॅटिनो आउटडोअर्स ही संस्था सुरू केली. २०१४ पासून हिस्पॅनिक ॲक्सेस फाउंडेशनचा लॅटिनो कॉन्झर्व्हेशन वीक सुरू झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ओबामांनी लॉस एंजेलिसलगतच्या सॅन गॅब्रिएल डोंगररांगांना नॅशनल मॉन्युमेंट, म्हणजे सरकारी संरक्षण असलेली जागा, म्हणून जाहीर केलं. २०१९ मध्ये न्यू मेक्सिकोने मुलांना निसर्गात नेणाऱ्या कामांसाठी आउटडोअर इक्विटी फंड काढला. पैसा आला की मागोमाग हिशोब मागणारेही येतात, आणि ते योग्यच आहे म्हणा.

एक गोष्ट मात्र पक्की डोक्यात ठेवा. "या लोकांचा निसर्गाशी संबंध तुटलाय, आपण तो जोडतोय" या समजुतीवर फॉर्म बनवलात तर पुढचं सगळं वाकडं जाणार. मेक्सिकोतल्या मिचोआकान, हालिस्को, ओआहाका या राज्यांमधून आलेल्या कित्येक घरांमध्ये आजी-आजोबा मका आणि बीन्सची शेती करायचे, कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतले आईबाप आजही दिवसभर उन्हात शेतावर राबतात, आजीला कुठल्या पाल्याचा चहा पोटदुखीवर चालतो ते माहीत असतं. नातं असतंच हो. अडतं ते गाडी, सुट्टी, पैसा, भीती आणि तिथे गेल्यावर आपलं स्वागत होईल का या शंकेपाशी. आपल्याला या अडचणी किती कमी झाल्या ते मोजायचंय.

पायरी १: प्रोग्रॅमचा दावा एका वाक्यात लिहा

स्टाफला एकत्र बसवा आणि विचारा, आपल्यामुळे नेमकं काय बदलतं असं तुम्हाला वाटतं? पहिल्या अर्ध्या तासात "जागरूकता", "एम्पॉवरमेंट", "कनेक्शन" असे शब्द येतील, ते येऊ द्या, आणि मग प्रत्येक शब्दावर विचारा की हे झालंय हे डोळ्यांना कसं दिसेल. हळूहळू वाक्य जमिनीवर येतं. उदाहरणार्थ: "लॉस एंजेलिसजवळच्या एल मॉंटेमधल्या ज्या कुटुंबांनी आमच्याबरोबर वर्षात चार सहली केल्या ती त्यानंतर सहा महिन्यांत निदान दोनदा स्वतःहून कुठल्यातरी हिरव्या जागी जातील." हे वाक्य चुकीचं ठरू शकतं, म्हणून ते कामाचं आहे.

मग त्या वाक्यामागची साखळी मांडा. केलॉग फाउंडेशनची लॉजिक मॉडेलची गाइड नेटवर फुकट आहे, इथले बहुतेक फंडर तीच पद्धत ओळखतात, तिच्यात साधनं, कामं, लगेचचे परिणाम, लांबचे परिणाम असे रकाने असतात. रकाने भरणं सोपं आहे, भिंतीवर लावायला चार्टही छान दिसतो. अवघड आणि उपयोगाचं काम रकान्यांमधल्या बाणांचं आहे. प्रत्येक बाणापाशी थांबून विचारायचं, हे होणार नाही असं कशामुळे होईल?

सहलीला आलं म्हणजे परत जाईल, हा बाण घ्या. का जाणार नाही? गाडी एकच आहे आणि बाबा शनिवारी कामावर घेऊन जातो. सॅन गॅब्रिएलमध्ये बऱ्याच ठिकाणी गाडी लावायला ॲडव्हेंचर पास लागतो, दिवसाचे ५ डॉलर, वर्षाचे ३०, आणि तो कुठे मिळतो हे कुणी सांगितलंच नाही. पाट्या इंग्रजीत. रेंजरचा, म्हणजे वनरक्षकाचा, युनिफॉर्म हिरवा, सीमेवरच्या बॉर्डर पेट्रोल पोलिसांचाही हिरवा, आणि लांबून दोन्हीतला फरक कळत नाही. मुलगी चौथीत आहे तर एव्हरी किड आउटडोअर्सचा पास फुकट मिळतो, सगळ्या कुटुंबाला नॅशनल पार्कांमध्ये आणि फॉरेस्टमध्ये चालतो, पण शाळेने कधी सांगितलं नाही. हे सगळं लिहून काढलं की दोन फायदे होतात, एक म्हणजे काय मोजायचं ते आपोआप समोर येतं आणि दुसरं म्हणजे प्रोग्रॅममध्ये कुठे भोक आहे ते डेटा गोळा करायच्या आधीच दिसतं.

प्रोग्रॅमचा प्रकारही इथेच ठरवा. एकदाच नेणारी सहल, वर्षभर परत परत नेणारा फॅमिली प्रोग्रॅम, आणि टीनएजरना पगार देऊन ट्रेल दुरुस्तीचं काम देणारा प्रोग्रॅम या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एका शनिवारच्या सहलीकडून आयुष्य बदलायची अपेक्षा ठेवून सहा महिन्यांनी सर्वे पाठवणं म्हणजे वेळ आणि पोस्टाचा खर्च दोन्ही फुकट.

पायरी २: कुटुंबांना आधी बसवा, फॉर्म नंतर

प्रश्न कुणी ठरवायचे? माझं ठाम मत, ज्यांच्यावर मूल्यमापन होणार त्यांच्यातले सहा-आठ जण पहिल्या मीटिंगपासून हवेत. दोन-तीन आया, एखादे आजोबा, दोन टीनएजर, वस्तीत ओळख असलेली एखादी प्रोमोतोरा. प्रोमोतोरा म्हणजे त्याच वस्तीतली, आरोग्याची माहिती घरोघरी पोचवणारी बाई, आपल्याकडच्या आशाताईंशी काम बरंच मिळतंजुळतं. तिच्यावर लोकांचा जो विश्वास असतो तो तुमच्या लेटरहेडवर कधीच बसणार नाही.

या लोकांना त्यांच्या वेळेचे पैसे द्या. सल्लागार म्हणून बोलवायचं आणि पिझ्झ्यावर भागवायचं हे बरोबर दिसत नाही, तुम्ही स्वतः तासाचे पैसे घेताय ना. मीटिंग संध्याकाळी ठेवा, जेवण ठेवा, मुलं सांभाळायची सोय ठेवा, आणि ती स्पॅनिशमध्येच चालवा. इंग्रजीवाल्यांनी दुभाषा लावून ऐकावं. ऑक्सनार्डसारख्या भागात तर स्पॅनिशही पुरत नाही, तिथे मिश्तेको ही मेक्सिकोतली आदिवासी भाषा बोलणारी कुटुंबं भरपूर आहेत आणि त्यातल्या कित्येकांसाठी स्पॅनिश ही दुसरी भाषा आहे, लिहिता-वाचता न येणारी.

त्यांना एकच विचारा: वर्षभराने या प्रोग्रॅमबद्दल तुम्हाला काय कळलेलं आवडेल? उत्तरं ऐकून तुमची लॉजिक मॉडेलची चार्ट हलते. पालक सहसा निसर्गप्रेमाबद्दल बोलत नाहीत. ते म्हणतात, पोरं फोनमधून बाहेर आली का, सगळं घर एकत्र किती वेळ होतं, आजीलाही येता आलं का, संडास स्वच्छ होते का, कुणी आमच्याकडे वाकड्या नजरेने बघितलं का. अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसच्या संशोधकांनी १९९० च्या दशकातच सदर्न कॅलिफोर्नियात नोंदवलंय की लॅटिनो कुटुंबं मोठ्या घोळक्याने येतात, स्वैपाकाचं सामान आणतात, दिवसभर नदीकाठी बसतात. एकट्याने पाठीवर सॅक लावून शिखर गाठणं हाच खरा निसर्ग अशी तुमच्या फॉर्मची समजूत असेल तर सहा तास नदीकाठी कार्ने आसादा, म्हणजे मांस, भाजत बसलेलं वीस जणांचं कुटुंब तुमच्या डेटात शून्य दिसणार.

पायरी ३: काय विचारायचं नाही ते ठरवा

ही पायरी लोक घाईत उरकतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त जबाबदारीची हीच आहे.

इमिग्रेशन स्टेटस विचारायचं नाही. कधीच नाही, फंडरने मागितलं तरी नाही. आणि आडून विचारणारे प्रश्नही नकोत, म्हणजे जन्म कुठला, अमेरिकेत किती वर्षं, सोशल सिक्युरिटी नंबर, कामाच्या ठिकाणाचं नाव. एकाच घरात आई कागदपत्रांशिवाय, थोरला मुलगा हद्दपारीपासून मिळालेल्या तात्पुरत्या संरक्षणावर, धाकटी इथेच जन्मलेली नागरिक अशी परिस्थिती सर्रास असते. जो डेटा तुमच्याकडे नाहीच तो कुणी नोटीस बजावूनही तुमच्याकडून घेऊ शकत नाही, हे साधं गणित आहे. घरचा पत्ता लागत नाही, झिप कोड पुरतो. नावांची यादी आणि उत्तरं वेगवेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि नावांची यादी कधी डिलीट करायची ती तारीख आधीच लिहून टाका.

आधीची आणि नंतरची उत्तरं जोडायला नाव लागत नाही, कोड चालतो. आईच्या नावाचं पहिलं अक्षर, मुलाच्या जन्मतारखेतला फक्त दिवस, मुलाच्या नावाचं शेवटचं अक्षर, असं काहीतरी जे प्रत्येकाला दर वेळी तेच आठवेल.

मुलांसाठी पालकांची संमती हवी आणि मुलाचं स्वतःचं "हो" पण हवं, दोन्ही. तेरा वर्षांखालच्या मुलांकडून ऑनलाइन माहिती घेण्यावर कोप्पा नावाचा १९९८ चा फेडरल कायदा आहे, तो मुख्यतः धंदेवाईक साइट्स आणि ॲप्सना लागू होतो, पण तुम्ही जे फुकटचं सर्वे ॲप वापरणार ते त्यात येऊ शकतं, म्हणून लहान मुलांना लिंक पाठवण्यापेक्षा कागद द्या. युनिव्हर्सिटी सोबत असेल किंवा निष्कर्ष रिसर्च म्हणून छापायचे असतील तर त्यांच्या आयआरबीची, म्हणजे माणसांवरचं संशोधन तपासणाऱ्या समितीची, परवानगी आधी, डेटा नंतर. फोटोंचं लोकेशन बंद. संमतीपत्र एका पानाचं, साध्या स्पॅनिशमध्ये, वाचून दाखवायचं, आणि त्यात स्पष्ट लिहायचं की नाही म्हणालात तरी सहलीची जागा जाणार नाही.

पायरी ४: कशाने मोजायचं

तयार मोजपट्ट्या आहेत, त्या माहीत असाव्यात. कनेक्टेडनेस टु नेचर स्केल २००४ मध्ये आली, १४ विधानं, पाच गुणांवर सहमती सांगायची, पण ती मोठ्यांसाठी बनवलीये. नेचर रिलेटेडनेसची लांब आवृत्ती २१ विधानांची आणि छोटी ६ विधानांची, वेळ कमी असेल तर ती छोटी बरी. मुलांसाठी चेंग आणि मन्रो यांनी २०१२ मध्ये फ्लोरिडातल्या चौथीच्या मुलांवर तपासलेली १६ विधानांची मोजपट्टी आहे, तिच्यात आनंद, प्राण्यांबद्दल माया, आपण निसर्गाचाच भाग आहोत ही भावना आणि जबाबदारी असे चार भाग पडतात. आणि अगदी सोपं म्हणजे शुल्ट्झ यांची वर्तुळं, एक वर्तुळ "मी", एक "निसर्ग", कमी-जास्त एकमेकांत शिरलेल्या सात जोड्यांपैकी तुमची कुठली ते दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही समजावून सांगितलं तर जमतं, म्हणून मला ती आवडतात.

पण यातल्या कशावरही भार टाकू नका. एक तर मुलं पहिल्याच दिवशी पाचपैकी साडेचार देतात, मग वर जायला जागाच कुठे उरते, आणि तुमचा ग्राफ सपाट. दुसरं म्हणजे भीड. पाहुण्याने प्रेमाने काही केलं तर त्याला तोंडावर वाईट म्हणायचं नाही हे लॅटिनो घरांत पक्कं असतं, आणि आपल्याला ते समजायला काहीच अडचण नाही, महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकच्या फीडबॅक फॉर्ममध्ये कुणी कधी "भाजी खारट होती" लिहिलंय का? सगळीकडे "खूप छान". तेव्हा ज्या स्टाफने सहल नेली त्यानेच फॉर्म गोळा करायचा नाही, आणि "आवडलं का" असं विचारायचं नाही. "पुढच्या वेळी कुठली एक गोष्ट बदलावी" असं विचारा, बदल सुचवणं हे उद्धटपणाचं वाटत नाही.

स्पॅनिश फॉर्म करताना आधी कुणी तपासलेला अनुवाद मिळतो का बघा, नसेल तर वस्तीतल्याच दोघांकडून करून घ्या आणि मग चार-पाच पालकांना प्रत्येक प्रश्न वाचून "हे तुम्हाला काय विचारतंय असं वाटतं" ते सांगायला लावा. एक संध्याकाळ जाते, पण निम्मे प्रश्न गळतात आणि उरलेले सुधारतात.

आता मुख्य मोजमाप, म्हणजे बसशिवायची ट्रिप. महिन्यातून एकदा, व्हॉट्सॲपवर, एकच प्रश्न: गेल्या ३० दिवसांत घरातलं कुणीही स्वतःहून बाहेर हिरवळीत, पाण्याकाठी, डोंगरावर कुठे गेलं का, कोण कोण, कसे गेलात? व्हॉइस नोट चालेल. (मराठी घरांसारखंच इथेही व्हॉट्सॲप म्हणजे गावाकडच्या लोकांशी बोलायची जागा, ते बहुतेकांकडे असतं.) ग्रुपवर मात्र विचारू नका, एकाने सांगितलं की बाकीच्यांना ओशाळं वाटतं, एकेकाला वेगळं विचारा आणि नावं फोनमध्ये कोडनेच सेव्ह करा.

काय धरायचं आणि काय नाही हे आधी ठरवा. कोपऱ्यावरचं पार्क धरायचं का? धरायचं. नानीच्या परसातली भाजी? मी धरेन, पण वेगळ्या रकान्यात. मुलाच्या सॉकर मॅचला गवतावर बसणं? यावर तुमच्या सल्लागार आया चांगल्या भांडतील, भांडू द्या, जे ठरेल ते लिहून ठेवा आणि मधेच बदलू नका.

पायरी ५: बेसलाइन आणि तुलना

सहलीच्या आधी विचारलं नाही तर नंतरच्या आकड्याला अर्थ नाही, हे सगळ्यांना माहीत असतं तरी निम्म्या संस्था विसरतात. नाव नोंदवतानाच दोन मिनिटांत विचारून घ्या: गेल्या ३० दिवसांत कुठे गेलात, गाडी आहे का, शनिवार-रविवार कामाला जाता का.

भावनांच्या प्रश्नांसाठी अजून एक पद्धत आहे, शेवटी एकदाच विचारायचं, "आता तुम्ही कुठे आहात, आणि मागे वळून बघताना तेव्हा कुठे होतात." कारण ज्याने कधी ट्रेल बघितलाच नाही तो पहिल्या दिवशी "मला ट्रेलवर भीती वाटत नाही" असं बिनधास्त लिहितो, आणि चार सहलींनंतर खरं समजून कमी गुण देतो, मग आकड्यांत दिसतं की प्रोग्रॅममुळे भीती वाढली! मागे वळून विचारलं की हा घोळ कमी होतो. पण माणसं आपली प्रगती थोडी फुगवून सांगतात हे लक्षात ठेवूनच वाचायचं.

तुलनेसाठी वेगळा गट शोधत फिरू नका. जागेपेक्षा अर्ज जास्त असतील तर चिठ्ठ्या काढा, ज्यांचा नंबर आला नाही त्यांना पुढच्या सत्रात पक्की जागा द्या आणि तोपर्यंत त्यांनाही महिन्याचा तोच एक प्रश्न विचारत राहा. कुणावर अन्याय नाही आणि तुलनाही मिळते.

हे का लागतं, तर लॉस एंजेलिसमध्ये एप्रिलात लोक तसेही बाहेर पडतात आणि सप्टेंबरात ऊन इतकं असतं की कुणी पडत नाही. प्रोग्रॅम हिवाळ्यात सुरू झाला आणि वसंतात मोजलं तर सगळं श्रेय हवामानाचं. आणि आग. सप्टेंबर २०२० मध्ये बॉबकॅट फायरने सॅन गॅब्रिएलमधला प्रचंड भाग जाळला, जानेवारी २०२५ मध्ये ईटन फायरने आल्टाडीना आणि त्याच्या डोक्यावरचा डोंगर. ट्रेल बंद असताना कुटुंबं गेली नाहीत यात प्रोग्रॅमचा दोष काय? म्हणून एक साधी वही ठेवा, तारखेसकट: ट्रेल बंद, उष्णतेची लाट, वस्तीत इमिग्रेशनची धाड पडल्याची बातमी, बसचा रूट बदलला. सहा महिन्यांनी आकड्यात खड्डा दिसला की आधी ती वही उघडायची.

पायरी ६: गप्पा

आकड्यांनी काय झालं ते कळतं, का झालं ते गप्पांमध्ये. लॅटिनो संशोधकांमध्ये प्लातिका म्हणून रीतसर मान्य झालेली पद्धत आहे, तिच्यात मुलाखत घेणारा फक्त प्रश्न विचारत नाही, स्वतःचंही सांगतो, जेवण असतं, घरातले लोक येत-जात असतात. प्रश्नावली खिशात ठेवा. "तुमच्या लहानपणी घराबाहेर कसं होतं" इथून सुरू केलं की अर्ध्या तासात नदी, जनावरं, आजोबांचं शेत, सीमा ओलांडतानाचं वाळवंट असं सगळं निघतं. शेवटचं निघालं तर रेकॉर्डर बंद करा, लिहूनही घेऊ नका, नुसतं ऐका. काही लोकांसाठी वाळवंटातली पायपीट ही हौस नव्हती, आणि हायकिंगला ते का येत नाहीत याचं उत्तर तिथे असू शकतं.

टीनएजरसाठी फोटोव्हॉइस छान चालतं. कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी १९९० च्या दशकात चीनच्या युनान प्रांतातल्या खेड्यातल्या बायकांबरोबर ही पद्धत उभी केली: लोकांच्याच हातात कॅमेरा द्यायचा, "आमच्या वस्तीतला निसर्ग" असा विषय द्यायचा, आणि मग त्यांनी काढलेल्या फोटोंवर त्यांनीच बोलायचं. पोरं काय काय काढतात, फुटपाथच्या भेगेतलं झुडूप, काँक्रीटच्या एलए रिव्हरमधला बगळा, कुलूप लावलेलं शाळेचं मैदान. ते कुलूप हा निष्कर्ष आहे, रिपोर्टमध्ये गेला पाहिजे.

आणि सोडून गेलेल्यांना फोन करा. हे कुणालाच आवडत नाही, करायलाच लागतं. शेवटपर्यंत टिकलेले लोक खूशच असतात, म्हणूनच ते टिकले. एकदाच येऊन परत न आलेल्या दहा कुटुंबांशी दहा-दहा मिनिटं बोललात तर जे कळेल ते शंभर हसऱ्या फॉर्ममधून कळणार नाही. बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं, बसची वेळ सकाळी सातची, किंवा स्ट्रोलर चालत नाही असा ट्रेल, किंवा गाइडने टॉर्टिया खायच्या वेळी "इथे कचरा करू नका" असं फक्त त्यांनाच सांगितलं.

पार्कमध्येच मोजायचं असेल तर सोपार्क नावाची ठरलेली निरीक्षणाची पद्धत आहे, ठरावीक वेळांना जागेवर नजर फिरवून कोण काय करतंय ते मोजायचं. फॉर्म आणि ट्रेनिंग ऑनलाइन आहे. पार्क सुधारणा हा तुमचा प्रोग्रॅम नसेल तर याच्या नादी लागू नका.

पायरी ७: हिशोब

समजा ४० कुटुंबांनी नाव नोंदवलं. शेवटी महिन्याच्या प्रश्नाला २४ जण उत्तर देत होते. त्यातली १५ म्हणाली, आम्ही स्वतःहून गेलो. आता रिपोर्टमध्ये काय लिहाल? २४ पैकी १५ म्हणजे ६२ टक्क्यांच्या वर, छान दिसतं. ४० पैकी १५ म्हणजे ३७ टक्क्यांच्या आसपास, तेवढं छान नाही. दोन्ही लिहायचं. मग बेसलाइन काढायची, त्या १५ पैकी ६ जण आधीपासूनच जात होते. म्हणजे नव्याने सुरू झालेली ९. त्या ९ पैकी ७ जणांकडे गाडी. आता खरी गोष्ट दिसायला लागली: प्रोग्रॅम चालतो, पण ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांच्यासाठी.

इतक्या छोट्या आकड्यांवर पी-व्हॅल्यू (फरक नुसता योगायोग असू शकतो का ते तपासणारा आकडा) काढत बसू नका, आणि टक्क्यांपेक्षा "४० पैकी ९ कुटुंबं" असं लिहा, वाचणाऱ्याला लगेच कळतं. चिठ्ठीत नंबर न आलेल्या कुटुंबांचा आकडा शेजारी ठेवा. त्यांच्यातही तितकीच नवी कुटुंबं बाहेर पडायला लागली असतील तर मग ते हवामानच होतं, निमूट मान्य करा.

गप्पांच्या नोट्स दोघांनी वेगवेगळ्या वाचाव्यात, त्यातला एक वस्तीतला हवाच, मग जुळवून बघायचं. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे थांबा, बहुतेक वेळा बाहेरच्याला काहीतरी समजलेलं नसतं.

पायरी ८: परत नेऊन द्या

फंडरला पीडीएफ जाण्याआधी निष्कर्ष कुटुंबांना दाखवायचे. एक संध्याकाळ, जेवण, भिंतीवर चार-पाच मोठे कागद, स्पॅनिशमध्ये, आणि विचारायचं, हे बरोबर वाटतं का? ते सांगतात. "आम्ही गाडी नाही म्हणून जात नाही असं नाही, परत येताना रात्री बस मिळत नाही म्हणून जात नाही." हे एक वाक्य पुढच्या वर्षाचं बजेट बदलू शकतं.

बजेटवरून आठवलं, प्रोग्रॅमच्या खर्चाचे साधारण ५ ते १० टक्के मूल्यमापनासाठी धरतात, ते ग्रँट अर्जातच लिहा, नंतर कुणी देत नाही. छोट्या संस्थेने यातलं सगळं करायची गरज नाही. बेसलाइनची दोन मिनिटं, महिन्याचा एक प्रश्न, सोडून गेलेल्यांना फोन आणि शेवटची ती संध्याकाळ, एवढं केलं तरी आसपासच्या बहुतेक संस्थांपेक्षा तुम्हाला जास्त माहीत असेल. मोजपट्ट्या आणि फोटोव्हॉइस पुढच्या वर्षी.

फंडरला डोकी मोजून हवी असतील तर द्या, पहिल्याच पानावर द्या, भांडू नका, आणि त्याच्या खालच्याच ओळीत बसशिवायच्या ट्रिपचा आकडा लिहा. पुढच्या वर्षी ते स्वतःहून तोच आधी विचारतात असं मी बघितलंय.

आणि निष्कर्षाप्रमाणे काहीतरी खरंच बदला. वरच्या उदाहरणातल्या संस्थेने माझ्या मते दोन लांबच्या डोंगरसहली कमी करून त्या पैशात मेट्रोने नाहीतर साध्या बसने पोचता येईल अशा जागा धराव्यात, व्हिटियर नॅरोजचं पार्क, एलए रिव्हरचा काठ, आणि पहिल्या दोन सहलींना संस्थेची बस देऊच नये, स्टाफने कुटुंबांबरोबर पब्लिक बसने जावं, बस कुठे बदलायची ते दाखवावं, संध्याकाळची शेवटची बस किती वाजता ते फ्रिजवर लावायच्या कागदावर छापून द्यावं. मग सहा महिने पुन्हा तोच महिन्याचा प्रश्न, तसाच्या तसा, आणि यावेळी गाडी नसलेल्यांचा आकडा वेगळा काढायचा. सलग दोन वर्षं तो हलला नाही तर सहली थांबवून तो पैसा शाळेच्या मैदानाचं कुलूप सुट्टीच्या दिवशी उघडं ठेवायला, म्हणजे वॉचमनच्या पगाराला लावा.